तरी घेऊ



सकाळी बाजारात मेथीची जुडी हातात घ्या. मुळांना ओली माती चिकटलेली असते. आपण विचारतो, "कशी दिली?" कोणी पिकवली, हे विचारायचं राहून जातं.

जपानमध्ये पन्नासएक वर्षांपूर्वी काही गृहिणींनी ते विचारलं. फवारणीच्या औषधांची त्यांना धास्ती होती. त्या एकत्र आल्या, थेट शेतकऱ्यांकडे गेल्या. विषमुक्त पिकवा, माल आम्ही घेऊ, असं ठरलं. मुळा वाकडा निघाला, तरी घेऊ. पानाला अळीनं भोकं पाडली, तरी घेऊ. शेतात हात कमी पडले, तर कामालाही येऊ.

या "तरी घेऊ"मध्ये मला फार मोठी माणुसकी दिसते.

चांगलं अन्न आपल्या सगळ्यांनाच हवं असतं. पण गारपीट शेतकऱ्याची, पडलेला भाव शेतकऱ्याचा, आणि ताजी भाजी तेवढी आपली? हे न्यायाचं नाही. जो आपल्या ताटाची काळजी वाहतो, त्याच्या पडत्या काळात आपण त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं.

आपल्या इमारतीतल्या काही घरांनी मिळून एखादा जवळपासचा शेतकरी जोडून घेतला, तर? हंगामाच्या आधी थोडे पैसे दिले, तर? आणि हो, धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं घरही त्यात धरा. सकस भाजी त्यांच्या लेकरांनाही हवीच ना! त्यांच्या वाट्याचे पैसे बाकीच्यांनी वाटून घ्यावेत.

तोवर आठवडी बाजारात भाजीवालीला तिचं गाव विचारा. डाग पडलेला टोमॅटोही पिशवीत घ्या.