भय कीं दचका?

मनुष्याला भिवविणें आणि दचकविणें ही एकच कला आहे काय? ‘रिंगू’ (१९९८) हा हिदेओ नाकाता यांचा जपानी भूतपट आणि त्याच मालिकेंत पुढें निघालेला ‘सदाको थ्रीडी’ (२०१२) हे दोन्ही पाहिले म्हणजे आमचें उत्तर नकारार्थीच येतें.

‘रिंगू’मध्यें सदाको दूरचित्रवाणीच्या पडद्यांतून खोलींत उतरते ती अगदीं शेवटीं, एकदांच. तोंवर तिची हकीकत आपणांस कळलेली असते: पितृस्थानीं असलेल्या पुरुषानेंच तिला विहिरींत लोटलें. म्हणून त्या भयांत करुणा आहे, आणि आपल्याकडेही कांहीं जाब मागितला जात आहे अशी टोचणी आहे. उत्तरभागांत तेच केस व तेच हात ठिकठिकाणच्या पडद्यांतून प्रेक्षकाच्या अंगावर येतात, आणि अखेर अनेक पायांचीं जनावरें धांवूं लागतात. जनावराला आपण काय जाब देणार?

ओझरास राहून यंत्राचा तिटकारा बाळगणें शक्य नाहीं; येथें विमानें बनतात. शिवाय आमच्याच जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वरीं, जन्मलेले दादासाहेब फाळके युक्तिचित्रणांत मोठे रमत. त्यांच्या ‘कालिया मर्दना’त (१९१९) युक्ति आहेच, पण ती बाळकृष्णाच्या कामीं येते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ही (१९९३) वीस वर्षांनीं ‘झपाटलेला २’ होऊन त्रिमितींत परतला. पण तात्या विंचू हा मूळचाच गमतीचा बाहुला, त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. सदाको ही मारली गेलेली मुलगी आहे, आणि चष्मा लावून बसलेल्या प्रेक्षकास तें आठवण्याची सवडच मिळत नाहीं.