शेततळे आणि ताळेबंद

विद्यापीठे आणि खेडी यांच्या भागीदारीचे मोजमाप सध्या उपकरणांवरून होते. 2014 साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात सहभागी संस्थेने साधारण पाच गावे निवडायची असतात. गावे ठरतात, सौरपंप किंवा पाणी शुद्ध करणारे यंत्र बसते, छायाचित्रासह अहवाल वर जातो. अवर्षणाला तोंड देण्याची गावाची ताकद वाढली का, हे विचारणारा रकाना मात्र अहवालात सहसा नसतो.

विद्यापीठाने फक्त शिकवावे, असे म्हणणाऱ्यांना राहुरी-परभणीच्या कृषी विद्यापीठांचे विस्तारकार्य पुरेसे उत्तर आहे. गाव मुळातच स्वयंपूर्ण असते, असे म्हणणाऱ्यांना मे महिन्यातला टँकर. खरा घोळ तिसऱ्या मताने घातला आहे. एका ठिकाणी प्रयोग यशस्वी झाला की तो हजार ठिकाणी न्यावा, असे हे मत सांगते. धोरणकर्त्यांना ते फार आवडते.

उदाहरण म्हणून प्लास्टिकचे अस्तर लावलेले शेततळे घ्यावे. वाहून जाणारे पावसाचे पाणी धरून ठेवणे ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून तळे भरले जाते आणि उन्हाळ्यात डाळिंब-द्राक्षांच्या बागा जगवल्या जातात. एका शेतापुरता प्रयोग निःसंशय यशस्वी असतो. पण दख्खनच्या काळ्या कातळात पाणी राहते ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. हा साठा तुटपुंजा आणि सामाईक. तळ्यात आलेले पाणी शेजारच्या विहिरीतून कमी झालेले असते आणि वर त्यातले काही उन्हाने उडून जाते. म्हणजे इथे प्रत्येक नवे यश पुढच्याचे यश हिरावून घेते. दोष तंत्राचा नाही, वापराचा आहे, असा बचाव केला जातो. तो मान्य केला तरी वापरावर लक्ष कोण ठेवणार, आणि कोणत्या आकड्याच्या आधारे? या मताकडे याचे उत्तर नाही, कारण त्याची नजर शेताच्या बांधापलीकडे जातच नाही.

म्हणून उपाय देणारी भागीदारी आणि हिशेब देणारी भागीदारी यांत फरक करायला हवा. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजेच पोकरात, मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. पाऊस, मातीचा पोत, उतार आणि पिके यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले, पिकांना किती कमी पडले याचा अंदाज त्यातून निघतो. अंदाज अर्थातच कच्चा असतो. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाला डोंगरापलीकडचा पाऊस ठाऊक नसतो. तरीही चुकीचा आकडा गावाला खोडता येतो, बसवलेल्या यंत्राशी वाद घालता येत नाही. हिवरे बाजार हे गाव तर दरवर्षी पाण्याचा अंदाज मांडून ग्रामसभेत पिके ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे.

अर्थात हिवरे बाजारसारखी एकी सगळीकडे नसते, आणि नुसत्या आकड्याने ती होतही नाही. पण आकडाच नसेल तर भांडण जातीचे आणि भावकीचे होते, पाण्याचे होत नाही.

तेव्हा विद्यापीठांनी निवडलेल्या प्रत्येक गावात आधी एक पर्जन्यमापक बसवावा, विहिरींच्या पातळीची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी आणि ती भरायला गावातल्याच पोरांना शिकवावे. यंत्रांचे नंतर पाहता येईल.