मागच्याच्या वाट्याचा वारा

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं गॅरेज होतं. चिपळूणहून कराडला निघालेल्या गाड्या त्याच्यासमोरून चढाला लागत.

एका दुपारी एक तरुण आपली टर्बो पेट्रोल गाडी घाटातून परत वळवून तिथे आला. शहरातून त्याने मोठा इंटरकूलर बसवून घेतला होता. सपाट रस्त्यावर गाडी आता वाऱ्यासारखी पळे. घाट लागला की मात्र तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरके. तो थांबे, गाडी निवू देई, पुन्हा निघे. पुढच्या वळणांवर पुन्हा तेच.

गाडीतून उतरताच त्याने फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण धरलं. मिस्त्रींनी त्याचा हात बाजूला केला.

“आत दाब आहे, बाळा. त्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलंस तर उसळून तोंडावर येईल. बस, चहा घे.”

गाडी निवेपर्यंत तरुण बोलत राहिला. कुणी त्याला थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितलं होतं, कुणी मोठा रेडिएटर घ्यायला.

“थर्मोस्टॅट घाटात पूर्ण उघडलेलाच असतो,” मिस्त्री म्हणाले. “तो काढून चढावर काही मिळायचं नाही. उलट सपाटीला इंजिन नीट तापणार नाही.”

गाडी निवली. मिस्त्रींनी कूलंट बघून भरलं, इंजिन सुरू केलं आणि पंखा फिरू लागेपर्यंत वाट पाहिली. मग देवाच्या फोटोपुढची उदबत्ती काढून आणली आणि ती जाळीसमोर धरली. मधोमध धूर रेंगाळत आत गेला. रेडिएटरच्या कडेला, दोन बोटं रुंद फटीपाशी उदबत्ती नेली, तर धूर उलटा बाहेर ढकलला गेला. तरुण वाकून बघत राहिला.

“इंजिनाजवळची गरम हवा इथून परत पुढे येते आहे,” मिस्त्री म्हणाले. “आणि गाडी पळताना समोरचा वारा याच फटीतून निसटतो. रेडिएटरमधून जायला त्याला कष्ट पडतात. सोपी वाट मिळाली की तो तिकडेच जाणार.”

इंटरकूलरच्या नळ्यांना जागा हवी म्हणून बसवणाऱ्याने बाजूचे प्लॅस्टिकचे पडदे कापले होते आणि पंख्याभोवतीचं आवरणही काढून टाकलं होतं. टर्बोने दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर तापते. तिची उष्णता इंटरकूलर समोरच्या वाऱ्यात सोडतो. तोच कोमट झालेला वारा एसीच्या कंडेन्सरमधून जातो आणि शेवटी रेडिएटरला मिळतो. चढावर वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त. म्हणजे वारा सर्वांत कमी असतो तेव्हाच तो सर्वांत जास्त लागतो.

मिस्त्रींनी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून दोन्ही बाजू बंद केल्या, फटींत फोमच्या पट्ट्या दाबल्या, पंख्याभोवती नवं आवरण बेतून बसवलं. रेडिएटरच्या पात्यांत अडकलेले किडे आणि माती मागच्या बाजूने हळू पाणी सोडून धुतली. वाकलेली पाती बारीक चिमट्याने एकेक करून सरळ केली. त्यातच संध्याकाळ झाली.

गाडीत असो वा घरात, पुढे उभा असलेला आपला जोर वाढवतो तेव्हा मागच्याच्या वाट्यातलं थोडं घेतोच. ते घेणं चूक नाही. पण उरलेलं वाटेत सांडू न देता मागच्यापर्यंत पोचवायचं, हे पुढच्याला तिथे उभं करणाऱ्याचं काम असतं.

निघताना तरुणाने विचारलं, “काका, आता घाटात दाबून चालवू?”

“एसी बंद ठेव. खालच्या गिअरमध्ये, बेताने चढ. काटा वर जायला लागला तर पाय हलका कर आणि हीटर पूर्ण उघड. थोडी उष्णता तोही काढतो. वर पोचलास की लगेच बंद करू नकोस, मिनिटभर चालू ठेव. टर्बोलाही निवू दे.”

तासाभराने घाटमाथ्यावरून फोन आला. अवघड वळणांवर काटा मध्याच्या जरा वर गेला होता, आणि पाय हलका करताच खाली आला होता. मिस्त्रींनी विचारलं, “इंजिन बंद केलंस का?” तो म्हणाला, “नाही काका, अजून चालूच आहे.”