दारापासून पुलापर्यंत

सांगलीच्या आयर्विन पुलावरून रोज किती माणसं येजा करतात! माझ्या ओळखीच्या एका काकूंना मात्र तो पूल दोन वर्षं ओलांडता आला नव्हता. एकदा गणपती पेठेतल्या गर्दीत त्यांची छाती धडधडली, हातपाय गार पडले, आता आपण मरणार असं वाटलं. मग बाजार सुटला, एसटी सुटली, शेवटी साताऱ्याचं माहेरही सुटलं. घरचे म्हणायचे, 'मन घट्ट कर.' हे वाक्य मला फार निर्दय वाटतं.

या आजाराला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी हे नाव दिलं. अ‍ॅगोरा म्हणजे ग्रीकांचा बाजारचौक. भीती खरं तर बाजाराची नसते. तिथं जीव घाबरला तर बाहेर कसं पडू, मदतीला कोण येईल, याची असते. आणि टाळत गेलं की ती वाढतच जाते.

उपचारात नेमकं उलटं करतात, पण बेताबेतानं. आधी उंबऱ्याबाहेर पाच मिनिटं, मग कोपऱ्यावरचं दुकान, मग एसटीचा एक थांबा. धडधड झाली तरी पळायचं नाही. ती थोड्या वेळानं आपोआप ओसरते. गरज असेल तर डॉक्टर औषधंही देतात. ज्यांना घराबाहेरच पडवत नाही, त्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, मोफत, रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

मागच्या महिन्यात काकू पुलाच्या मध्यापर्यंत गेल्या. कठडा धरून उभ्या राहिल्या. खाली कृष्णा संथ वाहत होती. हात उचलला, तर घामेजल्या तळव्याचा ओला ठसा कठड्यावर उमटलेला. तो वाळेपर्यंत त्या तिथंच थांबल्या.