आशा धरावी, पण कशी?



ऑगस्ट महिना संपत आला की अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘यंदा आपला संघ कसा खेळेल?’ हा संघ लिंकन शहरातील विद्यापीठाचा आहे आणि खेळ अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे लांबुळका चेंडू हातात घेऊन धावण्याचा. जुना चाहता या प्रश्नाचे उत्तर जपून देतो, ‘यंदा बरे दिसते आहे, पण आत्ताच काही बोलायला नको.’

हे वाक्य आपल्यालाही परके नाही. मुलाचा निकाल लागायचा असतो, घरातील आजारी माणसाचा रिपोर्ट यायचा असतो आणि आपण म्हणतो, ‘सगळे ठीक होईल असे वाटते, पण बघू.’ ही सावध आशा शहाणपणाची आहे की भीतीची? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

पोळलेले मन

नेब्रास्काच्या चाहत्याला सावध राहण्यास पुरेसे कारण आहे. 1994, 1995 आणि 1997 या वर्षी त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. पुढे दिवस फिरले. 2017 ते 2023 या सलग सात हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक झाले. 2021 मध्ये संघ नऊ सामने हरला आणि त्यांतील एकही पराभव दहा गुणांच्या फरकाचा नव्हता. दर वेळी घास ओठांपर्यंत येऊन निसटला. 2024 मध्ये पहिल्या सहापैकी पाच सामने जिंकले. लोकांच्या आशा पालवल्या आणि पुढचे चार सामने ओळीने हातातून गेले.

असे अनुभव आले की मन एक युक्ती शिकते. ते आधीच थोडे दुःख करून ठेवते. ‘मी फारशी आशा धरलीच नव्हती’ असे म्हणता आले म्हणजे पराभव कमी टोचेल, असा त्याचा हिशेब असतो. पण स्वतःला विचारून पाहा, हा हिशेब कधी जुळला आहे का? वाईट बातमी आली तेव्हा आधी केलेली काळजी वजा होऊन दुःख कमी झाले का? बहुधा नाही. दुःख पूर्ण भोगावे लागले आणि त्याआधीचे आनंदाचे दिवसही काळजीत गेले. चांगली बातमी आली तरी मन लगेच पुढच्या संकटाची वाट पाहू लागले.

‘सावध’ शब्दाचा अर्थ

‘सावध’ या शब्दाचे मूळ पाहिले तर वाट सापडते. सावधान म्हणजे स-अवधान, अवधानासह असलेला. या शब्दात भीतीचा अंशही नाही. लग्नमंडपात ‘सावधान’ शब्द ऐकून समर्थ रामदास जागे झाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो शब्द त्यांना घाबरवणारा नव्हता, जागवणारा होता.

म्हणून आशेच्या सोबतीला दोन प्रकारची सावधगिरी असू शकते. एक उद्याच्या दुःखाकडे पाहते आणि आखडते. दुसरी आज समोर असलेल्या गोष्टीकडे पूर्ण लक्ष देते. पहिली आशेला कुरतडते, दुसरी तिला पाय देते.

एका प्रशिक्षकाचा निर्णय

2 जानेवारी 1984 ची रात्र. मायामी येथे हंगामाचा अखेरचा सामना होता. तोवर अपराजित असलेला नेब्रास्काचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. शेवटच्या मिनिटात गुणफलक 31-30 झाला आणि नेब्रास्का एका गुणाने मागे होता. साधी किक मारून एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि अजिंक्यपद बहुधा त्यांनाच मिळाले असते. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी मात्र जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न करण्याचे ठरवले. चेंडूला प्रतिस्पर्ध्याचा हात लागला, प्रयत्न फसला आणि अजिंक्यपद मायामीकडे गेले.

हा पराभव असूनही त्या निर्णयाचे आजही आदराने स्मरण केले जाते. फळ हाती नव्हते, पण काय करणे योग्य हे ठरवणे हाती होते आणि तेवढे त्यांनी पूर्ण मनाने केले. गीता ज्या निष्काम कर्माची शिकवण देते, त्याची एक झलक मैदानावरही दिसते.

पण चाहत्याचे कर्म कोणते?

येथे एक शंका येईल. प्रशिक्षकाच्या हाती निर्णय तरी असतो. चाहत्याच्या हाती काय आहे? तो तर फक्त फळाचीच इच्छा करतो!

लिंकनच्या स्टेडियमकडे पाहा. 1962 पासून तेथील प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. विजयाच्या काळातही आणि त्या सात पडत्या वर्षांतही. सामना संपल्यावर बाहेर पडणाऱ्या पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवण्याची तेथील प्रेक्षकांची जुनी रीत आहे, मग तो पाहुणा जिंकलेला का असेना. येणे, सोबत राहणे, समोरच्याच्या गुणांना दाद देणे, हेच चाहत्याचे कर्म. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे कर्मही याहून वेगळे नाही. बरे करणे त्याच्या हाती नसते, हात धरून बसणे असते.

नेब्रास्का हे मक्याचे राज्य, आणि संघाच्या नावाचा अर्थही मक्याची कणसे सोलणारे असाच आहे. पेरणी करणारा शेतकरी आभाळाची खात्री मागत नाही, पण बियाणे निवडून घेतो आणि जमिनीची मशागत नीट करतो. सावध आशा ती हीच.

आज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. ज्या गोष्टीविषयी तुम्ही ‘बघू’ म्हणत आहात ती मनासमोर आणा. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा, ‘यात उद्या माझ्या हाती काय आहे? आणि ते मी प्रेमाने करीन का?’ उरलेले परमेश्वरावर सोपवा. सोपवूनही मनात इच्छा राहिली तर तिच्यावर रागावू नका. आशा ही प्रेमाचीच खूण आहे. तिला फक्त जागे ठेवा.