उत्तर देण्याची सवय

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे एकूण गुण २०२५. त्यांतले १७५० लेखी परीक्षेचे आणि २७५ मुलाखतीचे. मुलाखतीत किमान अमुक गुण मिळालेच पाहिजेत अशी अटही नाही. दिल्लीच्या शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये उमेदवार पोहोचतो, तेव्हा त्याच्या निकालाचा फार मोठा भाग उत्तरपत्रिकांत लिहून झालेला असतो. तरी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, मुलांची झोप उडवते ती मुलाखतच. वर्षानुवर्षं दिवसाचे दहा-दहा तास वाचत बसलेला मुलगा जेमतेम अर्ध्या तासाच्या बोलण्याला घाबरतो. ही भीती खुळी म्हणता येणार नाही. मुलाखतीला बोलावलेल्यांची संख्या जागांच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे जवळपास निम्मे गळणारच, आणि यादीच्या टोकाला दोन-चार गुणांवर नावं आत-बाहेर होतात. पण भीतीचं मूळ मला वेगळीकडे दिसतं. पेपर लिहायची सवय त्या मुलाला शाळेपासून आहे. आपल्याला काय वाटतं हे कुणी विचारावं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावं, ही सवय त्याला कुणी लावलेलीच नाही.

आपल्या घरांत मोठ्यांच्या बोलण्यात मुलांनी तोंड घालायचं नसतं. वर्गात प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते मार्गदर्शकात छापलेलं असतं. मुलींच्या बाबतीत तर ‘उलट बोलते’ हा शेरा लग्नाच्या बोलणीपर्यंत पाठलाग करतो. अशा वातावरणात वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एके दिवशी पाच अनोळखी ज्येष्ठांसमोर बसवायचं आणि सांगायचं, आता मोकळेपणाने मत मांड. ‘आत्मविश्वासाने बोल’ हा उपदेश त्याला सगळे देतात. तो विश्वास कुठून यायचा, हे कुणीच सांगत नाही.

मग बाहेरून काहीतरी चढवण्याचे प्रयत्न सुरू होतात. कोट, बूट, हस्तांदोलन, खुर्चीत बसायची पद्धत. २०१० साली अमेरिकेत एक प्रयोग खूप गाजला. दोन मिनिटं हातपाय पसरून, रुबाबात उभं राहिलं किंवा बसलं की अंगातली संप्रेरकं बदलतात आणि माणूस धाडसी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये दोनशे जणांवर तो पुन्हा करून पाहिला गेला. लोकांना जोर आल्यासारखं वाटलं, पण संप्रेरकांत आणि वागण्यात फरक दिसला नाही. मूळ प्रयोगाच्या संशोधकांपैकी डॅना कार्नी यांनी पुढच्याच वर्षी जाहीर केलं, की या परिणामावर आपला आता विश्वास राहिलेला नाही. स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालावेत, वेळेवर पोहोचावं. त्यापलीकडे या बाबतीत फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

तयारीची खरी जागा उमेदवाराच्या स्वतःच्या अर्जात असते. मुलं ज्याला ‘डॅफ’ म्हणतात, त्या सविस्तर अर्जात गाव, जिल्हा, शिक्षण, नोकरी, छंद असं सगळं असतं आणि मुलाखत बरीचशी त्यातूनच उलगडते. मी अधूनमधून मॉक मुलाखतींच्या पॅनेलवर बसतो. एकदा लातूर जिल्ह्यातला एक मुलगा आला होता. त्याच्या जिल्ह्याबद्दल विचारताच त्याने घडाघडा सांगितलं: १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. सगळं बरोबर होतं, आणि त्यात तो स्वतः कुठेच नव्हता. मी विचारलं, “त्या उन्हाळ्यात तुमच्या घरी पाणी कसं यायचं?” तो थांबला. मग म्हणाला, “सर, असलं उत्तरात चालतं का?”

त्या प्रश्नाने मी हललो. आपण जगलेली गोष्ट ही माहिती आहे, तिला परीक्षेत किंमत असू शकते, हे त्याला माहीतच नव्हतं. चालतं म्हटल्यावर तो बोलायला लागला. रेल्वेचं पाणी शहराला मिळालं, गावात टँकरच होता. टँकरचा दिवस नक्की नसायचा, म्हणून कुणीतरी एकाने शाळा बुडवून घरी थांबायचं. बोअर आटलेलं. आणि एवढं असून चुलत्यांच्या रानात ऊस उभा. पाणी नसताना ऊस का, असं आम्ही विचारलं. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरलेली असते, माल कारखाना नेतो. तूर-सोयाबीनचा हमीभाव कागदावर असतो आणि बाजारात त्याच्याखाली विकावं लागतं, मग शेतकरी कशाकडे वळणार, असं त्याने उलट विचारलं. एका सदस्याने त्याला विरोध केला, भूजलाचा मुद्दा काढला. मुलाने तो ऐकला, अर्धा मान्य केला आणि उरलेल्या अर्ध्यावर ठाम राहिला. दहा मिनिटांपूर्वीचा आवाज आणि हा आवाज यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. त्याला बसायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. बोलत होता ते त्याचं स्वतःचं होतं, एवढंच.

आयोगाच्या अधिसूचनेतही मुलाखतीचं वर्णन काहीसं असंच आहे. ती उलटतपासणी नसावी, हेतू ठेवून केलेली पण सहज बातचीत असावी. उमेदवाराची सजगता, समतोल विचार, प्रामाणिकपणा पाहावा, असं तिचं म्हणणं आहे. प्रत्येक बोर्ड तसं वागतं असा माझा दावा नाही. पण उमेदवाराने हा मजकूर वाचलेला असावा.

वाचण्यावरून एक सांगतो. मुलं नोट्स चार-चारदा वाचतात आणि ‘तयारी झाली’ असं त्यांना वाटतं. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. एका गटाने मजकूर पुनःपुन्हा वाचला; दुसऱ्याने एकदा वाचून, न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर दुसऱ्या गटाच्या लक्षात कितीतरी जास्त राहिलं होतं. पण आपल्याला जास्त लक्षात राहील ही खात्री पहिल्या गटाला अधिक होती! वाचनाने येणारा विश्वास असा फसवा असतो. म्हणून उत्तरं मोठ्याने बोलायला हवीत, तीही कुणासमोर तरी. अभ्यासिकेतल्या मित्राने प्रत्येक उत्तरावर ‘का?’ एवढंच विचारत राहावं. तिसऱ्या ‘का’पाशी पाठांतर संपतं आणि विचार सुरू होतो.

आणि कुठेतरी ज्ञानही संपतं. तिथे ‘माफ करा सर, मला माहीत नाही’ हे वाक्य सरळ म्हणता यावं, यासाठीही सराव लागतो, कारण न येणं ही आपल्या शाळांत छडी खाण्याची गोष्ट होती. ज्याला हे वाक्य शांतपणे म्हणता येतं, त्याची बाकीची उत्तरंही विश्वासार्ह वाटतात.

भाषेची भीती सगळ्यांत खोल आहे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते, दुभाषा असतो. हा हक्क आहे, तो संकोचाने वापरू नये. फक्त उत्तर दुभाष्यामार्फत पोहोचणार हे ध्यानात ठेवून वाक्यं लहान ठेवावीत; म्हणी आणि अलंकार वाटेत गळून पडतात. इंग्रजी उत्तम असेल तर इंग्रजीत बोलावं. पण मोडक्या इंग्रजीत अर्धवट मत मांडण्यापेक्षा मराठीत पूर्ण मत मांडणं केव्हाही बरं.

उमेदवारांनी मनात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट न्यायालयांच्या निकालांत आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते आणि ती दोन-तीन मिनिटांत उरकली जायची. १९८१ च्या अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मनमानी ठरवली आणि मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक वजन नको असं सांगितलं. १९८५ मध्ये हरियाणाच्या सेवांबाबतच्या अशोक कुमार यादव खटल्यात हा वाटा आणखी खाली, १२.२ टक्क्यांवर आणायला सुचवलं. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट ‘ब’ अराजपत्रित आणि गट ‘क’ पदांच्या मुलाखती बंदच झाल्या. माणसाने माणसाला अर्ध्या तासात जोखणं चुकू शकतं, त्यात ओळखपाळख आणि पूर्वग्रह शिरू शकतात, हे व्यवस्थेनेच मान्य केलेलं आहे. मग कमी गुण मिळालेल्या मुलाने ते आपल्या व्यक्तिमत्त्वावरचा शिक्का का मानावेत? दरवर्षी किती हुशार मुलं तसं मानून खचलेली मी पाहतो, आणि ते मला सहन होत नाही.

मॉक मुलाखती घेणाऱ्या आम्हा लोकांचीही यात जबाबदारी आहे. एक पॅनेल सांगतं हात टेबलावर ठेव, दुसरं सांगतं मांडीवर. एक म्हणतं हसून बोल, दुसरं म्हणतं गंभीर राहा. दहा मॉक दिलेला मुलगा दहा जणांच्या सूचना सांभाळत बसतो आणि प्रश्न ऐकायचंच विसरतो. दोन-तीन मॉक पुरेत. त्यांतही आम्ही कमी बोलावं. लातूरच्या त्या मुलाला मी पुढचे मॉक रद्द करून आठ दिवस गावी जायला सांगितलं: चुलत्यांशी उसावर वाद घाल, ग्रामसेवकाला टँकरचं वेळापत्रक कसं ठरतं ते विचार, आईला विचार की त्या उन्हाळ्यात शाळा बुडवायची पाळी बहिणीवरच जास्त का आली.

खरं तर हे सगळं तेविसाव्या वर्षी, दिल्लीच्या तिकिटाआधी शिकावं लागू नये. दहावीला भाषांची तोंडी परीक्षा असते आणि बऱ्याच शाळांत ती हजेरी घेतल्यासारखी उरकली जाते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकांना वेळ पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आठवड्याचा एक तास त्यासाठीच राखून, दर वेळी चार-पाच मुलांना त्यांच्या गावातल्या एखाद्या प्रश्नावर बोलतं करणं आणि मध्ये न तोडता ऐकणं, याला ना निधी लागतो ना शासन निर्णय.