रक्तातच नाही?

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे सहावीतल्या एका मुलाचे वडील मला भेटावयास आले. मुलगा बोलण्यात चलाख, तोंडी हिशेबात पक्का. परंतु पुस्तक समोर ठेवले की अक्षरे जणू त्याच्याशी वैर धरीत. “सर, आमच्या रक्तातच वाचन नाही. मीसुद्धा असाच होतो,” असे ते खाली मान घालून म्हणाले. मी त्यांना चांगलेच सुनावले. रक्ताची सबब सांगणे म्हणजे आळसाला वारसाहक्क देणे, अशी माझी तेव्हाची समजूत. पुढल्या वर्षी मुलाने शाळा सोडली.

आज वाटते, त्या गृहस्थांचे म्हणणे निम्मे खरे होते. माझे तेवढेही नव्हते.

लंडनमधील एक कुटुंब संशोधनग्रंथांत ‘केई’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यातील तीन पिढ्यांत सुमारे निम्म्या व्यक्तींना बोलण्याची गंभीर अडचण होती. जीभ आणि ओठ यांच्या हालचालींचा मेळ बसत नसे, वाक्यरचना चुके. १९९० साली त्यांच्याविषयी प्रथम लिहिले गेले आणि थोड्याच काळात ‘व्याकरणाच्या जनुका’ची हाकाटी सुरू झाली. २००१ साली ऑक्सफर्ड व लंडन येथील संशोधकांनी सातव्या गुणसूत्रावरील ‘फॉक्सपी२’ या जनुकात एकाच ठिकाणी झालेला बदल दाखवून दिला. व्याकरणाचे जनुक मात्र ते नव्हेच. ते इतर अनेक जनुकांचे नियमन करते आणि उंदरांत व पक्ष्यांतही आढळते.

असे एका जनुकाचे उदाहरण विरळाच. वाचनाची वा भाषेची क्षमता सामान्यतः असंख्य जनुकांच्या बारीकसारीक प्रभावांतून आणि घर, शाळा, आहार यांच्या संगतीत घडते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा अभ्यास रॉबर्ट प्लोमिन यांनी हाती घेतला. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत मुख्य विषयांच्या गुणांमध्ये जो फरक दिसला, त्यापैकी सुमारे ५८ टक्के आनुवंशिक भेदांशी निगडित असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. या आकड्यापाशी भल्याभल्यांची गफलत होते. एखाद्या मुलाच्या यशातील ५८ टक्के भाग रक्ताचा, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तो समुदायातील फरकांविषयी बोलतो आणि परिस्थिती बदलली की तोही बदलू शकतो. एरिक टर्कहायमर यांनी २००३ साली अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा सुस्थितीतील घरांत बुद्ध्यंकातील फरकांमागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला. अत्यंत गरीब घरांत तो जवळजवळ शून्यावर आला. दारिद्र्यात बीजाला आपला गुण दाखविण्याची संधीच मिळत नसावी.

शिवाय आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही खरे नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार उपचारावाचून राहिला तर बालकाची बुद्धी कायमची खुंटते. जन्मल्याबरोबर रक्त तपासून विशिष्ट आहार सुरू केला, तर तेच मूल इतरांसारखे शिकते. जनुक तेच राहते; ताट बदलते.

खरा पेच यापुढे आहे. जन्मजात गुणांचे वाटप ही कुणाचीच कमाई नव्हे, असे जॉन रॉल्स यांनी १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये प्रतिपादिले. मागे पडणाऱ्या मुलाबाबत आपण हे चटकन मान्य करतो: त्याचा काय दोष? पण मग पहिल्या आलेल्याचे श्रेय तरी किती? गुणगौरव समारंभांत मी आयुष्यभर भाषणे केली; हा प्रश्न मला सुखाचा नाही. परिश्रम तरी स्वतःचे, असे म्हणावे, तर चिकाटीतही आनुवंशिक अंश असल्याचे जुळ्यांचे अभ्यास सांगतात. येथे माझी मती कुंठित होते. इतके मात्र कळते की, मुलाच्या माथ्यावरचा दोष उतरला म्हणून मोठ्यांची जबाबदारी उतरत नाही. उलट तेव्हाच ती सुरू होते.

महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. माझा तो विद्यार्थी त्याआधीच शाळेबाहेर पडला होता. मध्यंतरी तो एस.टी. स्थानकावर भेटला, धाकट्या मुलीचा हात धरून. “सर, ही पण माझ्यासारखीच. पण हिला वेळेवर तपासून घेतलंय,” तो हसत म्हणाला. मी त्याच्या वडिलांची चौकशी केली. ते वारले होते.